मरीन परेडचा हिवाळा

२०२२ साली मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि माझे दोन्ही गुडघे शाबूत होते. गुडघ्यांचं मुद्दाम लिहितो, कारण या हकिकतीत पुढे मी एकदा आडवा होणार आहे, आणि कोणाला वाटायला नको की म्हातारा मुळातच कामातून गेलेला होता.

माझं शिक्षण चौथी. शाळेने मला काढलं नाही, मी शाळा सोडली. आधी दाभोळच्या खाडीत होडी, मग मुंबईची गोदी, मग मोठ्या बोटींवर सुकाणी, म्हणजे चाक धरून उभा राहणारा. तीसेक वर्षं बोटी मी हाकल्या, कप्तान नुसते सांगायचे. तेव्हा लिहिताना माझी रेघ वाकडी जाईल अशी काळजी कोणी करू नये.

ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचं नाव मात्र लिहिणार नाही. सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये त्याला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. चिनी, मलय, तमिळ, सगळे त्याला चीफ म्हणत. बोटीवरचा चीफ इंजिनियर होता, पुण्याचा. नोकरी सुटली तरी हुद्दा सुटला नव्हता. तोंडावर मी त्याला अहोजाहो करत असे, इथे अरेतुरे करणार आहे. तो हे वाचेल. वाचू दे. आणि 'होता, होता' असं लिहितोय म्हणून हळहळू नका, मेलेला नाही तो.

मी मुलाकडे राहायला आलो त्याच आठवड्यात त्याची गाठ पडली. मुलगा चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या ऑफिसात, सून कामावर, नात शाळेत. दुपारी घरात मी आणि फ्रीज असे दोघंच. म्हणून मी ईस्ट कोस्टच्या बागेत समुद्राकडेने चालायला जात असे. नांगरलेल्या बोटी बघितल्या की बरं वाटतं. ऊन असं की चपलेचं रबर रस्त्याला चिकटावं.

समोरून एक माणूस आला. गुडघ्याखाली लोंबणारा काळा लोकरी ओव्हरकोट, हातात मोजे, पायात जाडजूड बूट, आणि डोक्यावर तपकिरी कानटोपी. चाल बदकाची. दोन्ही पाय जरा फाकलेले, एकेक पाऊल असं ठेवत होता जणू खाली अंडी पसरलीत. कानटोपी बघितली आणि मी ओळखलं की हा आपलाच. थंडी नसताना ती टोपी घालण्याची हिंमत दुसऱ्या कोणत्या मुलखातल्या माणसात नाही.

मी विचारलं, "काय हो, बरं नाही का?"

"बोलू नका," तो म्हणाला. "उणे अठरा आहे."

मी आजूबाजूला बघितलं. नारळाची झाडं होती. एक बाई पोराला आइस्क्रीम भरवत होती आणि ते तोंडापर्यंत जायच्या आत तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं.

"कुठे उणे अठरा?"

"तिकडे." त्याने मोजा घातलेला हात वर, उत्तरेकडे केला. कपाळावरून घामाची धार डोळ्यात चालली होती, पण पुसली नाही. "तिकडे नाक पुसायला हात बाहेर काढता येत नाही. आतापासून सवय हवी."

मग त्याने माझ्या उभं राहण्याकडे बघितलं आणि विचारलं, "बोटीवर होतात?"

"सुकाणी."

"म्हणजे डेकवाला!"

"आणि तुम्ही?"

"चीफ इंजिनियर."

"म्हणजे खालचे," मी म्हटलं.

हे समजावून सांगायला हवं. बोटीवर दोन जाती असतात. आम्ही वरचे, वारा आणि पाणी अंगावर घेणारे. ते खालचे, इंजिनाच्या उबेत बसणारे. आम्हाला वाटतं बोट आम्ही नेतो, त्यांना वाटतं ते नेतात, आणि जेवणाच्या टेबलावरसुद्धा या वादाचा निकाल कधी लागत नाही. त्याच्या चेहऱ्यावर लगेच तो जुना रंग चढला. "अरे सुकाणी," तो म्हणाला, "तुला काय कळणार..."

मी थांबवलं. "साहेब, बोट सोडली तेव्हा अरेतुरे ऐकून घेणंही सोडलं."

त्याने हातमोजा काढला. ओला हात पुढे केला. "बरोबर आहे तुमचं. अहो सुकाणी, तुम्हाला काय कळणार!"

तेव्हापासून आमचं जमलं.

चीफ एकटा राहत असे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घर चकचकीत, प्रत्येक वस्तूला हूक, प्रत्येक हुकाला वस्तू. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, "सरबतात बर्फ हवा असेल तर फ्रीजरमधून घ्या." मी फ्रीजर उघडला. आत मटारच्या पिशवीशेजारी तीन वेगवेगळे बूट, प्रत्येकाचा एकेक पाय.

"चीफ, इथे बूट आहेत."

"डावीकडचा काढू नका, त्याची अजून ट्रायल व्हायची आहे."

त्याचं म्हणणं असं की दुकानदार बूट दाखवतो तो गरम बूट. थंडीत काही रबरांचा दगड होतो आणि दगड बर्फावर घसरतो. म्हणून तो बूट गोठवायचा, मग मोरीच्या ओल्या फरशीवर दाबून बघायचा आणि नखाने तळ खरवडायचा. नापास झालेला बूट दारात ठेवायचा. कोणी नेला तर नेला. आमच्या ब्लॉकच्या साफसफाईवाल्याकडे त्या वर्षी उजव्या पायाचे भारी बूट बरेच जमले असतील.

स्वतःच्या शरीराबद्दल तो इंजिनासारखं बोलायचा. उजवा गुडघा ठीक, डावा ओव्हरहॉलला आलेला. बाहेर पडायच्या आधी अर्धा तास दोन्ही गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन बसायचा, पंखा बंद करून. सिंगापुरात! "थंड इंजिन एकदम सुरू केलं की तडा जातो, सुकाणी. आधी उबवायचं, मग फिरवायचं." मी समोर बसून घामाने निथळत असे आणि तो पिशव्यांवर हात ठेवून अंड्यावरच्या कोंबडीसारखा शांत.

बर्फावर चालण्याचे त्याचे नियम होते. टाच आधी टेकवली की माणूस गेला, आख्खा तळवा एकदम ठेवायचा. वजन पुढच्या पायावर. हात खिशात घालायचे नाहीत. आणि घाई नाही. "घाई करणारा लवकर पोचतो, पण आडवा पोचतो," असं म्हणायचा. हे तो कोणालाही शिकवायचा. इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी एक सांगलीची मुलगी कॅनडाला निघाली होती. तिला त्याने ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, साबणाच्या पाण्यावर चालायला लावलं. मुलगी शिकली. पण शेजारच्या आजीबाई बाजाराची पिशवी घेऊन आल्या त्याही शिकायच्या बेतात होत्या. मी धरलं म्हणून वाचल्या.

माझा मुलगा म्हणायचा, "बाबा, त्या माणसाबरोबर फिरत जाऊ नका, ऑफिसातले लोक भेटतात मला." नात म्हणायची, "आजोबा, युअर फ्रेंड सो फनी लाह." मी दोघांनाही सांगितलं, मी कोणाबरोबर फिरायचं हे मी ठरवतो.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो.

चीफला एकच मुलगी. शिकली सिंगापुरात, आणि नंतर संशोधनासाठी गेली युरोपच्या पार वरच्या टोकाला, जिथे थंडीत दिवस उजाडतो न उजाडतो तोच मावळतो. त्या गावात लोक हिवाळ्यातसुद्धा सायकलवर फिरतात. बर्फ काढायची गाडी आधी सायकलींच्या वाटेवरून जाते आणि मग मोटारींच्या. हे चीफ मला इतक्या वेळा सांगायचा की ते गाव त्यानेच बांधलंय असं वाटावं. मुलीकडे मोटार नव्हती. घरापासून दवाखाना नदीकाठाने चालत जाण्याच्या अंतरावर. आणि मुलीला जानेवारीत बाळ होणार होतं.

जावई नागपूरचा. उन्हात भाजून निघालेला माणूस. पहिल्याच बर्फात दारात घसरला आणि मनगट मोडून बसला. त्यामुळे मुलीला मदतीची गरज तर होती, पण ती फोनवर म्हणायची, "बाबा, एक प्लास्टरवाला घरात आहे. दुसरा आला तर मी बाळंतीण आहे की नर्स आहे? तुम्ही जूनमध्ये या ना. बाळ कुठे पळून जातंय?"

"मी पडणार नाही."

"हे असंच म्हणाले होते. पडायच्या आदल्या दिवशी."

मी एकदा त्याला म्हटलं, "चीफ, पोरगी बरोबर बोलतेय. जूनमध्ये जा. बाळ तेव्हा हसतं तरी. जानेवारीत नुसतं रडतं."

आम्ही हॉकर सेंटरात, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, कोपी पीत होतो, कॉफीला इथे कोपी म्हणतात. त्याने कोट काढून शेजारच्या खुर्चीवर बसवला, माणसाला बसवावं तसा, आणि बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिला.

"ही जन्मली तेव्हा मी अशाच एका गोठलेल्या बंदरात होतो," तो म्हणाला. "तार आली, बायकोला दवाखान्यात नेलंय म्हणून. गोदीच्या फाटकाबाहेर टेलिफोनची पेटी होती. मी खालून वर आलो, तेलकट कपड्यांवर कोट चढवला आणि धावत सुटलो. फाटक दिसत होतं, सुकाणी. पेटीसुद्धा दिसत होती, लाल. तिथेच घोटा मोडला. चौघांनी उचलून बोटीवर परत आणलं. मुलगी झाली हे मला कळलं पुढच्या बंदरात."

"आणि वहिनी?"

"रागावली नाही. फक्त नंतर आयुष्यभर एकच वाक्य. भाजी आणायला विसरलो, की बर्फाचं कारण सांगू नका. लग्नाचा वाढदिवस विसरलो, की बर्फाचं कारण सांगू नका. पुण्यात, मे महिन्यात!" तो हसला, मग हसायचा थांबला. "या वेळी मला बर्फाचं कारण सांगायचं नाही."

मी कोपी संपवली आणि विचारलं, "सायकलचं काय ठरवलंत?"

आणि तेव्हापासून मी त्याच्या बाजूचा झालो. अर्थात त्याला तसं सांगितलं नाही.

सायकलचं त्याने असं ठरवलं होतं. तिकडे बर्फासाठी खिळे ठोकलेले टायर मिळतात. इथे कोण विकणार? म्हणून त्याने साध्या टायरला आतून बाहेर बारीक स्क्रू मारले, ओळीने, दोन्ही चाकांना, आणि ट्यूब फुटू नये म्हणून आत आग विझवायच्या जुन्या पाइपाचा कॅनव्हास घातला. काम सुंदर होतं, हे मी डेकवाला असूनही कबूल करतो. पण इथल्या रस्त्यावर बर्फ नव्हता, सिमेंट होतं. सायकल निघाली की टकटकटकटक असा आवाज उठायचा, जसं एखाद्या पातेल्यात मक्याच्या लाह्या फुटताहेत. पाचव्या मजल्यावर आम्हाला कळायचं, चीफ निघाला. खालची पोरं त्याला पॉपकॉर्न अंकल म्हणायला लागली. "अंकल, युअर बायसिकल स्पॉइल ऑलरेडी लाह!" असं ओरडत मागे धावायची. मग लिफ्टजवळ नोटीस लागली, फरशीवर चरे पडतात, कृपया सायकल हातात धरून न्या. चीफने नोटीस वाचली, मान डोलावली, आणि त्या दिवसापासून सायकल खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत जायला लागला. कोट, कानटोपी आणि खांद्यावर सायकल. नोटीस लावणाऱ्यालाही वाटलं असेल की चरे परवडले.

सायकलचे नियम वेगळे. सीट खाली, दोन्ही पाय टेकले पाहिजेत. चाकात हवा जरा कमी. आणि वळणावर पुढचा ब्रेक लावायचा नाही, काहीही झालं तरी. "पुढचं चाक अडलं की तुम्ही सायकलच्या पुढे जाता," तो म्हणायचा.

मी म्हणायचो, "हे सगळं खालच्यांचं शास्त्र. आम्ही थंडीत डेकवर साचलेला बर्फ लाकडी हातोड्यांनी फोडलाय, डोलत्या बोटीवर, आणि खलाशांच्या क्लबापर्यंत त्याच बर्फातून चालत गेलोय. ना स्क्रू, ना पिशव्या. पाय फाकवायचे आणि अंग सैल सोडायचं. बास."

"तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"वयाचा काय संबंध?"

त्यावर तो नुसता कानटोपी नीट करायचा. राग यायचा मला त्याचा.

शेवटी मुलीने अट घातली. "बाबा, मला खऱ्या बर्फावर चालून दाखवा. घाम गाळत चाललेले व्हिडिओ पाठवू नका. चाललात तर तिकीट काढा, नाहीतर जून." पोरगी त्याच्याच रक्ताची. तिलाही ट्रायल हवी होती.

आधी आम्ही एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंगणावर गेलो. तिथल्या मुलाने चीफच्या हातात पाती लावलेले बूट दिले. चीफ म्हणाला, "मला घसरायचं नाही, मला चालायचंय." मुलगा म्हणाला, "सॉरी अंकल, हिअर कॅनॉट वॉक, ओन्ली स्केट." न घसरणाऱ्याला मनाई असलेली जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. आम्ही परत आलो.

मार्ग मीच काढला. मी मासे घ्यायला रोज बाजारात जातो. सून म्हणते सुपरमार्केटमधून आणा, मी म्हणतो तो मासा मेलेला असतो. आमचा मासळीवाला पोट सुटलेला चिनी माणूस, वयाने माझ्याएवढाच. मी त्याला अंकल म्हणतो, तो मला अंकल म्हणतो. दुपारी बाजार आवरताना तो उरलेला बर्फ मागच्या सिमेंटच्या पट्टीवर ओततो. मी त्याला चीफची गोष्ट सांगितली, हातवारे करून. तो म्हणाला, "युअर फ्रेंड सियाओ आह?" सियाओ म्हणजे वेडा.

मी म्हटलं, "येस. बट गुड सियाओ."

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या दोन गाळ्यांचाही बर्फ आणून ओतला. आम्ही तो फळीने ठोकून सपाट केला, वर पाणी शिंपडलं. उन्हात तो वरून वितळायला लागला आणि काचेसारखा गुळगुळीत झाला. चीफ वाकला, बोटाने चाचपला आणि आनंदाने म्हणाला, "हा अस्सल. वितळता बर्फ सगळ्यात वाईट." जमिनीवर माशांची खवलं चमकत होती.

फोन मासळीवाल्याने धरला, रबरी मोजे घातलेल्या हातात. पडद्यावर मुलगी दिसत होती, पोट सांभाळत सोफ्यावर बसलेली, मागे प्लास्टरवाला जावई. चीफ फ्रीजरमधून पास झालेले बूट घालून आला, त्यांच्याही तळाला बारीक स्क्रू. सायकल हाताने धरून तो बर्फावर उतरला. तळवा, वजन, तळवा, वजन. त्या टोकाला गेला, वळला, या टोकाला आला, परत गेला. मासळीवाला फोनमध्ये ओरडत होता, "गर्ल, युअर फादर व्हेरी स्टेडी!"

मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, सायकलला धरून चाललात. आणि इथे रस्त्यावर माणसं असतात, धक्का लागतो, कोणी समोर येतं. रिकाम्या पट्टीवर चालणं वेगळं."

चीफचं तोंड उतरलं. मला ते बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या स्क्रूंचाही राग होता. मी पुढे झालो. "पोरी, हे काय एवढं अवघड आहे? हे बघ. साध्या चपलेवर दाखवतो. डेकवाल्याची चाल."

"काका, नको!" ती म्हणाली.

मी पाय फाकवले. अंग सैल सोडलं. दोन पावलं उत्तम गेली, याला मासळीवाला साक्षी आहे. तिसरं गेलं ते मला न विचारता गेलं. आभाळ दिसलं, बाजाराचं छप्पर दिसलं, आणि मी बर्फावर पाठीवर होतो. सोबत उपडी झालेली एक टोपली, आणि छातीवर एक बांगडा माझ्याकडे बघत होता.

मी उठायला गेलो आणि पुन्हा बसलो. चपला वेगळ्या दिशांना गेल्या होत्या.

चीफ त्या टोकाला होता. फोनमधून मुलगी किंचाळली, "बाबा! बाबा, धावू नका!"

"धावत नाहीये," तो म्हणाला.

आणि खरंच धावला नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो आला, तळवा, वजन, तळवा, वजन, कोटात, कानटोपीत, एवढ्या घाईच्या वेळी इतका सावकाश की मला शिव्या घालाव्याशा वाटल्या. माझ्याजवळ आला. सायकल आडवी लावली, दोन्ही ब्रेक आवळले, स्क्रू बर्फात रुतले. "दांडी धरा," म्हणाला. "माझा कोट नाही, दांडी धरा. आता डावा गुडघा. घाई नको." मग काखेत हात घातला आणि एका दमात मला उभं केलं. मी काही हलका नाही. आणि तो जागचा तसूभर हलला नाही. मग बांगडासुद्धा उचलून टोपलीत ठेवला.

मासळीवाला फोन धरायचं विसरून आमच्याकडे बघत होता, मुलीला बहुतेक छप्पर दिसत असेल. मग फोनमधून तिचा आवाज आला.

"काका, लागलं का?"

"नाही."

"नक्की?"

"मी पडलो नाही. बसलो."

ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा," ती म्हणाली, "तिकीट काढा."

मागे जावई उरलेल्या एका हाताने टेबल बडवत होता.

इथे खरं म्हणजे सगळं गोड व्हायला हवं होतं. पण चीफने एक आगाऊपणा केला. ब्लॉकमध्ये सांगत सुटला की सुकाणी मुद्दाम पडले, माझ्यासाठी पडले, काय मोठं मन. लोक मला लिफ्टमध्ये नमस्कार करायला लागले. माझा मुलगासुद्धा म्हणाला, "बाबा, ग्रेट हां तुम्ही." मी तडक चीफच्या दारात गेलो.

"मी मुद्दाम पडलो असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, तुमचा मान वाढवतोय."

"मला माझा आहे तेवढा मान पुरतो. मी खरंच पडलो. चप्पल चुकली, पण पडणं अस्सल होतं. फुकटचा मोठेपणा मला चिकटवू नका."

"बरं. मग सगळ्यांना सांगू की डेकवाल्याची चाल चुकीची होती?"

मी म्हटलं, "सांगा." आणि त्याने सांगितलं! एकही मजला सोडला नाही. इतकं मनापासून सांगायची गरज नव्हती.

डिसेंबरात तो गेला. जानेवारीत मुलीला रात्रीच कळा सुरू झाल्या, तर हा तिच्या शेजारून चालत दवाखान्यात गेला, सगळं पार पडेपर्यंत तिथेच बसला आणि बाहेर येऊन त्याने पहिला फोन मला लावला. "सुकाणी, नात झाली," म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पोचलो मी." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. दोन शब्दांत एवढं समाधान मी दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकलेलं नाही. वहिनी असत्या तर त्यांना नवीन वाक्य शोधावं लागलं असतं.

पण मला शेवट तिथे करायचा नाही. तो गेला त्या दिवसावर यायचं आहे.

विमान संध्याकाळचं होतं. टॅक्सी खाली उभी. चीफ घरातूनच कोट, मोजे, कानटोपी चढवून उतरला. टॅक्सीवाल्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, एसी मोठा केला आणि म्हणाला, "अंकल, गोइंग नॉर्थ पोल, इज इट?"

"ऑलमोस्ट," चीफ म्हणाला.

मग खिशातून सायकलची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. तिकडे जावयाने तयार सायकल घेऊन ठेवली होती, ही इथेच राहणार होती.

"ही रोज थोडी फिरवायची. बंद पडलेलं इंजिनसुद्धा आम्ही रोज हाताने थोडं फिरवतो, नाहीतर जाम होतं."

"मी खालच्यांची कामं करत नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे जाम." त्याने किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि टॅक्सीत बसला. काच खाली केली, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि बोलला, "गुडघे उबवत जा."

मी हात हलवला नाही. टॅक्सी वळेपर्यंत उभा राहिलो इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. खिडकीशी चहा घेऊन बसलो. खाली पोरं शाळेच्या बसची वाट बघत होती. नेहमीची वेळ झाली, टळली. लाह्या फुटल्या नाहीत. माझी नात खालून ओरडली, "आजोबा! सो क्वाएट टुडे हां!"

मी चहा टाकून खाली उतरलो. कुलूप काढलं. नोटीस होती म्हणून सायकल खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत गेलो. जड आहे, त्याने कधी सांगितलं नव्हतं. सीट खाली होती, माझे दोन्ही पाय टेकले. मी बसलो आणि निघालो, टकटकटकटक, आणि पोरं मागे धावली. "अंकल, यू ऑल्सो आह?"

समुद्राकडेने नांगरलेल्या बोटींपर्यंत गेलो, जिथे तो पहिल्यांदा भेटला होता तिथवर. ऊन चढायला लागलं होतं, रस्ता कोरडा ठणठणीत. तिथून परत फिरताना वळण आलं, आणि मी पुढचा ब्रेक लावला नाही.